हाउसबोटीवरची उपाशी दुपार

माझ्या मुलीला घेऊन कुठेही जायचं ठरलं की मी आधी तिच्या औषधांची यादी करायला बसते. केरळचं ठरलं तेव्हाही बसले. ती आठ वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो. त्याला गोळ्या चालत नाहीत. रोज चार इंजेक्शनं घ्यावी लागतात, तीन खाण्याच्या आधी आणि एक झोपताना. या गोष्टीला चार वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात वणीच्या देवीपलीकडे आम्ही तिला कुठे नेलं नव्हतं.

नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला, मी नाशिकरोडला प्राथमिक शाळेत. त्या वर्षी दिवाळीनंतर दोघांची रजा एकदाची जुळली. नाशिकरोडहून थेट गाडी आहे म्हणून नवऱ्याने मला फारसं न विचारता चार तिकिटं काढून टाकली. चौथं तिकीट सासूबाईंचं. त्या निफाडजवळच्या गावातल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. सगळा जन्म गोदावरीच्या काठी काढला, पण होडीत कधी पाय ठेवला नव्हता. "एकदा बोटीत बसायचंय मला," एवढंच त्या म्हणाल्या.

सासूबाईंची एक जुनी गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजार निघाला त्या पहिल्या वर्षी त्यांना ही इंजेक्शनं मुळीच पटत नव्हती. "एवढ्याशा जिवाला रोज सुया टोचायच्या, ह्ये कुठलं औषध?" असं त्या शेजारणीला म्हणत, पण मला ऐकू येईल अशा बेताने. त्याच वर्षी मला निवडणुकीच्या कामावर दोन दिवस बाहेरगावी जावं लागलं. इंजेक्शन द्यायला ओळखीच्या एक नर्सबाई घरी येणार होत्या. मुलगी सुई बघून रडायला लागली, म्हणून सासूबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, दोन्ही दिवस. नवऱ्याची सलग ड्यूटी होती, त्याने फोनवर विचारलं तर "दिलं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा मुलगी उलट्या करून थकली होती आणि छातीचा भाता हलावा तसा श्वास घेत होती. चार दिवस ती दवाखान्यात होती. सासूबाई त्या चार दिवसांत बाकावरून उठल्या नाहीत.

मी तेव्हा त्यांना काही बोलले नाही. त्यांनीही त्यानंतर इंजेक्शनांबद्दल चांगलं-वाईट अवाक्षर काढलं नाही. फक्त इन्सुलिनची इंजेक्शन-पेनं असलेली निळी पिशवी मी दुसऱ्या कोणाच्याही हातात देणं बंद केलं.

केरळात आम्ही ज्या गावी उतरलो होतो तिथून दिवसभरासाठी एक अख्खी हाउसबोट फक्त आमच्या चौघांसाठी ठरवली होती. सकाळी अकराला निघायचं, दुपारचं जेवण बोटीवर, संध्याकाळी पाचला परत. मी आदल्या दिवशीच विचारून घेतलं होतं: जेवण किती वाजता, भात असणार का, बोटीवर फोन लागतो का, जवळ दवाखाना कुठे. हॉटेलातला माणूस हसून म्हणाला, "मॅडम, पिकनिक है, ऑपरेशन नहीं." नवराही हसला. मला हसू आलं नाही.

बोट छान होती, हे कबूल करायला हवं. वर बांबूचं छप्पर, पुढे वेताच्या खुर्च्या, मध्ये एक खोली आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघर. दोनच माणसं बोटीवर होती. एक चालक, पन्नाशी उलटलेला, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेला. तो उमेदीच्या वयात सहा वर्षं मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. दुसरा स्वयंपाकी, त्याला मल्याळमशिवाय काही येत नव्हतं, पण तो सगळ्याला मान डोलवायचा.

बोट सुटली तशी मुलगी पुढच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंना नारळ, त्यांच्यामागे घरं, घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बायका त्या पायऱ्यांवर भांडी घासत होत्या. काठाच्या बांधापलीकडे भाताची शेतं होती, आणि ती पाण्याच्या पातळीपेक्षा खाली होती. आम्ही बोटीतून शेताकडे वाकून पाहत होतो. सासूबाई खुर्चीचे दोन्ही हात धरून बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "अन् बांध फुटला तर?"

"नाही फुटत आई," नवरा म्हणाला.

"फुटायचा आसला म्हंजे इचारून फुटतो का?"

मला त्यांचं म्हणणं पटलं. सुरुवातीला सगळ्यांना शहाळं दिलं होतं, त्यातलं निम्मं मुलीला पिऊ दिलं होतं, आणि ते निम्मं जास्त झालं का याचा हिशेब माझ्या डोक्यात चालला होता.

पावणेएकला स्वयंपाक्याने टेबलावर केळीची पानं मांडली. लाल तांदळाचा भात, सांबार, कोबीची भाजी, तळलेला अख्खा मासा. मी मुलीला हाक मारली, पर्स उघडली आणि आधी साखर तपासायचं मशीन काढलं. एकशे चौऱ्याहत्तर. ठीक होतं. मग पेनांसाठी हात घातला. हाताला रुमाल लागला, चष्म्याची डबी लागली. मी पर्स खुर्चीवर उलटी केली. निळी पिशवी नव्हती.

माझे कान एकदम बंद झाल्यासारखे झाले. इंजिनाचा आवाज लांबून यायला लागला.

"अहो, पिशवी कुठंय?"

"तुझ्याकडेच असते ना ती," नवरा म्हणाला.

"मी टेबलावर ठेवली होती. पर्सच्या शेजारी. तुम्ही खोलीला कुलूप लावलंत, शेवटचं बघायचं नाही का?"

"अगं, मी कधी हात लावतो का त्या पिशवीला? लावू देतेस का?"

आमचं असं चाललं असताना मुलगी भाताच्या पानापुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "म्या ठिवली फ्रिजात."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघायला लागलो.

"तू आंघोळीला गेली व्हती. खोलीत लय उकडत व्हतं. आपल्या घरी तू फ्रिजच्या दारातच ठिवती ना ती औषधं. म्हटलं, खराब व्हतील." त्यांचा आवाज बारीक होत गेला. "निघताना तू काढशील आसं वाटलं मला."

निघताना पर्समध्ये मशीनचं पाकीट हाताला लागलं होतं, ते पिशवीच समजून मी निघाले होते. चूक जेवढी त्यांची तेवढीच माझी होती. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला चार वर्षांपूर्वीही ही इंजेक्शनं नकोच होती."

सासूबाईंनी पदर ओढून घेतला आणि पाण्याकडे तोंड केलं. मुलगी हळूच म्हणाली, "मम्मी, आजीने मुद्दाम नाही केलं."

मी नाशिकला डॉक्टरांना फोन लावला. दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला. ते शांतपणे म्हणाले, "भात देऊ नका, गोड काही देऊ नका. अंडं, मासा चालेल. पाणी भरपूर पाजा. दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. फक्त उलट्या झाल्या तर मात्र वाट बघू नका, जवळच्या दवाखान्यात न्या." त्यांच्या सगळ्या बोलण्यातला 'उलट्या' एवढाच शब्द माझ्या डोक्यात राहिला.

चालकाला नवऱ्याने सगळं समजावून सांगितलं. त्याने इंजिन मंद केलं. परत फिरलो तरी पोहोचायला पावणेदोन तास, वर हॉटेलपर्यंतचा रस्ता. त्यापेक्षा पुढे अर्ध्या तासावर एक धक्का आहे, तिथून थोडं चाललं की गाडीरस्ता लागतो, हॉटेलवाल्यांना पिशवी रिक्षाने तिथे पाठवायला सांगा, असं तो म्हणाला. नवऱ्याने हॉटेलला फोन केला. त्यांनी दुसऱ्या किल्लीने खोली उघडून पाहिलं. पिशवी फ्रिजमध्ये होती. रिक्षा लगेच निघाली.

तेव्हा मला नवीनच भीती वाटायला लागली. हॉटेलांचे ते छोटे फ्रिज कधी कधी फार थंड करतात, आणि इन्सुलिन गोठलं की ते वाया जातं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगून सासूबाईंना आणखी काय वाटलं असतं कोण जाणे.

मुलीने थोडा मासा खाल्ला. भाताचं पान स्वयंपाक्याने झाकून ठेवलं. आमच्यापैकी कोणीच जेवलं नाही. नवरा म्हणाला, "आपण तरी खाऊन घेऊ," पण त्यानेही पानाला हात लावला नाही. अर्ध्या तासाचा चांगला पाऊण तास झाला, कारण मध्ये एका अरुंद जागी पाणवेली दाटल्या होत्या. आमच्याकडे गोदावरीत साचतात तशाच. चालक बोट हातभर पुढे, हातभर मागे करत तिथून निघाला. मी मुलीकडे बघत होते. तिचे ओठ, तिचा श्वास, ती किती वेळा पाणी मागते.

"मम्मी, तू माझ्याकडे असं बघू नको," ती म्हणाली. "मला बरं असलं तरी मग बरं वाटत नाही."

धक्क्याला लागल्यावर नवरा उतरला. भाषेची अडचण नको म्हणून चालकाने स्वयंपाक्याला त्याच्याबरोबर दिलं. दोघं बांधावरून झपाझप चालत नारळांच्या आड दिसेनासे झाले. बोटीवर आम्ही तिघी आणि चालक. अडीच वाजले होते. मी पुन्हा साखर तपासली. दोनशे एकोणचाळीस.

वीस मिनिटांनी चालकाचा फोन वाजला. तो बराच वेळ मल्याळममध्ये बोलला, मग कपाळाला हात लावून माझ्याकडे आला. रिक्षावाला पोहोचला होता, पण समोरच्या काठावर. दोन्ही धक्क्यांची नावं जवळजवळ सारखी होती. त्याने हाताने दाखवलं. नदीपलीकडे, बरंच लांब, एका झाडाखाली पिवळ्या छताची रिक्षा खरंच उभी होती. रस्त्याने इकडे यायचं तर पुलाला वळसा घालून त्याला तासभर लागणार होता.

"मग आपण बोट तिकडे नेऊ," मी म्हणाले.

"नहीं जाएगा, मॅडम. उधर पूरा घास है." त्या काठाला पाणवेलींचा रुंद पट्टा होता. पंख्यात वेली अडकल्या तर मोठी बोट तिथेच बसेल, असं त्याचं म्हणणं.

नवऱ्याला फोन लावला. लागेना. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मम्मी, मळमळतंय."

बोट लाटांवर डुलत होती, सकाळच्या नाश्त्यानंतर ती नीट जेवली नव्हती, तळलेला मासा खाल्ला होता. मळमळायला शंभर कारणं होती. मला एकच दिसत होतं. मी तिला कठड्याशी धरून उभी राहिले. ती वाकली, थुंकली, उलटी झाली नाही. पुन्हा वाकली.

काठाने एक बाई लहानशा होडीतून चालली होती. अंगात गाऊन, डोक्याला टॉवेल बांधलेला, होडीत कापलेल्या गवताचा भारा. चालकाने तिला हाक मारली, दोघांचं काहीतरी बोलणं झालं. बाईने गवत धक्क्यावर टाकलं. चालक म्हणाला, ही पलीकडे जाऊन येईल, हिची होडी वेलींतून निघते. पण रिक्षावाला ऐकत नाही, हॉटेलने पाहुण्यांच्याच हातात द्यायला सांगितलंय. घरातलं कोणीतरी बरोबर जायला हवं. एकच माणूस मावेल.

मी मुलीकडे पाहिलं. तिने माझा दंड घट्ट धरला होता.

"मी जाते," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही कुठे? होडी एवढीशी आहे."

"तू पोरीपाशी र्‍हा. म्या ठिवली, म्याच आनते." त्यांनी चपला काढल्या, नऊवारीचा ओचा वर खोचला आणि चालकाच्या खांद्याचा आधार घेऊन धक्क्यावर उतरल्या. पाय ठेवताच होडी एका बाजूला कलली. बाईने त्यांना हाताने खुणावलं, खाली बस. त्या मांडी घालून तळाशी बसल्या. सकाळभर जी बाई खुर्चीचे हात सोडायला तयार नव्हती, ती आता पाण्यापासून वीतभर उंचीवर होती.

होडी निघाली. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मध्यावर गेली तेव्हा वरच्या अंगाने प्रवाशांनी भरलेली एक मोठी बोट आली. तिच्या लाटा आमच्या हाउसबोटीलाही लागल्या, ताटं वाजली. ती होडी वर गेली, खाली गेली, क्षणभर दोघीही दिसल्या नाहीत. मी मुलीला एका हाताने धरून चालकाला विचारत होते, "अम्मा को तैरना नहीं आता. नहीं आता ना." तो म्हणाला, "उसको आता है," आणि त्या बाईकडे हात केला. मग म्हणाला, "रोज का काम है उसका." पण तोही डोळ्यांवर हात धरून बघत होता.

मी त्यांना काय बोलले होते ते तेव्हा मला शब्दान् शब्द आठवलं. वाटलं, हेच शेवटचं बोलणं ठरलं तर?

होडी वेलींत शिरली. बराच वेळ काही हललं नाही. मग झाडाखालचा माणूस काठापर्यंत आला, वाकला, आणि होडी परत फिरताना दिसली. मुलगी आता खाली बसून पाणी पीत होती. "आजी येतेय का?" तिने विचारलं. "येतेय," मी म्हणाले.

सासूबाई परतल्या तेव्हा कमरेपासून खाली भिजल्या होत्या. पिशवी मात्र त्यांनी पोलक्यात खोचून वरून पदर गच्च गुंडाळला होता. पदर एवढा घट्ट बसला होता की त्यांना सोडवेना, शेवटी मीच सोडवला. पेन काढून उजेडात धरलं. थंडगार होतं, पण गोठलं नव्हतं. आतलं पाणी स्वच्छ हलत होतं. साखर तपासली. दोनशे शहाऐंशी. पेन फिरवून मात्रा लावली, मुलीच्या पोटावर इंजेक्शन दिलं आणि दहापर्यंत मोजलं. चार वाजायला पाच मिनिटं कमी होती.

थोड्या वेळाने नवरा आणि स्वयंपाकी घामाघूम होऊन आले. रस्त्यावर उभे राहून राहून, प्रत्येक रिक्षाला हात करून ते थकले होते. आईच्या ओल्या लुगड्याकडे बघून नवऱ्याने विचारलं, "ही पाण्यात कशी पडली?" मुलगीच सांगायला लागली, हातवारे करून, आणि सांगता सांगता "मला भूक लागलीये" म्हणाली. तो गार भात आणि गार सांबार तिने चाटूनपुसून खाल्लं. मळमळ कशाची होती ते मला आजही माहीत नाही. संध्याकाळी हॉटेलवर पोहोचेपर्यंत साखर उतरत आली होती. डॉक्टरांना कळवलं तर म्हणाले, "मग झालं की. फिरा आता निवांत."

परतीच्या वाटेवर मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. त्यांना बदलायला आणलेला माझा सुका गाऊन घालायला दिला होता, त्यात त्या अगदी लहान दिसत होत्या. मी म्हणाले, "आई, मघाशी मी जे बोलले..."

त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "बोलली ते खरंच व्हतं. तवा नकोच व्हत्या मला त्या सुया." मग म्हणाल्या, "आता नाय तसं. पन तू कुठं इचारलं कधी?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. चार वर्षं त्या माझ्याच घरात राहत होत्या, दुपारी मुलगी शाळेतून येते तेव्हा घरी त्याच असतात, आणि मी मात्र मधल्या सुट्टीत स्कूटर दामटत इंजेक्शन द्यायला घरी जात होते.

"मला शिकव," त्या म्हणाल्या. "आकडे मला वाचता येतात. ग्यास बुक करते का नाय मी फोनवर?"

नाशिकला आल्यावर मी त्यांना शिकवलं. आधी रिकाम्या पेनाने लिंबावर, मग मुलीच्या दंडावर. पहिल्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मुलगी ओरडली, "आजी, डोळे उघड, कुठे टोचतेयस!" आता त्या रोज दुपारचं इंजेक्शन देतात. शाळेत बारा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजतो. "साखर एकशे एकसष्ट, सहा दिलं," त्या म्हणतात. मी "बरं" म्हणते, फोन ठेवते, आणि वर्गात परत जायच्या आधी मुलीला दुसरा फोन लावून विचारते, "किती दिलं आजीने?"

"सहा," ती कंटाळून सांगते. "मम्मी, आजीला कळतं तू मला फोन करतेस ते."